परवाना संचाला, आतल्या आज्ञावलीचे काय?

दूरसंचार कायदा, २०२३ च्या पहिल्या तरतुदी २६ जून २०२४ पासून अमलात आल्या आणि १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा इतिहासजमा होण्याच्या वाटेला लागले. पुढे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारात परवान्याची माहिती न देता विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींना चाप लावणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दोहोंचा रोख एकच : प्रक्षेपण करणारे यंत्र कोणाच्या हाती पडते, यावर सरकारची नजर हवी. ते रास्तच आहे. मात्र ‘यंत्र’ या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलला आहे. हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या टेबलावरचा नवा संच जेवढा धातूचा आणि तारांचा असतो, तेवढाच आज्ञावलीचा असतो. ती आज्ञावली, अर्थात फर्मवेअर, संच विकत घेतल्यानंतरही बदलत राहते.

जुन्या संचात कोणती लहर आत घ्यायची आणि कोणती गाळायची, हे स्फटिक, वेटोळी आणि संधारित्रे ठरवीत. काही बदलायचे तर झाकण उघडून डागणी हातात घ्यावी लागे. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संचात आलेल्या लहरीचे आकड्यांत रूपांतर होते आणि गाळण्याचे काम गणित करते. जपानच्या आयकॉम कंपनीचा आयसी-७३०० हा संच २०१६ मध्ये आला, तेव्हापासून हे तंत्र सर्वसामान्य हॅमच्या आवाक्यात आले. त्याचे फर्मवेअर बदलणे फारसे अवघड नाही. कंपनीची फाइल मेमरी कार्डावर घ्यायची, कार्ड संचात घालायचे, मेनूतून आज्ञा द्यायची आणि काम पुरे होईपर्यंत वीज तोडायची नाही. एवढ्याने गोंगाट गाळण्याची रीत सुधारू शकते, जुने दोष निघू शकतात. काही संचांत तर प्रक्षेपणाची हद्दही अशीच बदलते. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्‌झ ही अरुंद पट्टी, अवघ्या १५ वॅटच्या मर्यादेत, हौशी सेवेला दिली. आज्ञावलीवर चालणाऱ्या संचाला ती पट्टी शिकवायची तर काही ओळी बदलल्या की झाले. अर्थात, जी पट्टी परवान्यात नाही तीही तितक्याच ओळींनी उघडते.

हा छंदिष्टांचा खासगी प्रश्न नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामीने दूरध्वनी कोलमडले, तेव्हा अंदमान-निकोबारचा मुख्य भूमीशी संवाद राखण्यात या पथकाच्या संचांचा मोठा वाटा होता. गोव्यापुरते बोलायचे, तर १६ मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ आणि त्यानंतरचा अंधार अनेकांच्या स्मरणात असेल. वीज गेली की काही तासांत मोबाइलचे मनोरेही मुके होऊ लागतात.

अशा वेळी लघुलहरींचे महत्त्व नकाशावरून कळते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर आदिलाबादच्या दक्षिणेला गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्ही भाषा नांदणाऱ्या मुलखातले. तेथून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, तर पणजी साडेसहाशेच्या आसपास. हातातली वॉकी-टॉकी दृष्टीच्या टप्प्यापलीकडे फारशी जात नाही. सात मेगाहर्ट्‌झची लहर मात्र वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येते आणि दिवसाउजेडी शेकडो किलोमीटरचे अंतर कापते. मधे ना मनोरा लागतो, ना केबल. लागतो तो दोन्ही टोकांना एकेक चालू स्थितीतला संच आणि चालवणारे माणूस.

‘चालू स्थितीतला’ या शब्दांपाशीच फर्मवेअरचा प्रश्न येऊन ठेपतो. अद्ययावतीकरणाच्या ऐन मध्यावर वीज गेली तर संच अर्धवट स्मृतीनिशी बसून राहू शकतो. हॅम मंडळी अशा संचाला ‘वीट’ म्हणतात. शब्द विनोदी आहे, नुकसान तसे नाही. पावसाळ्यात ज्या गावांत वीज दिवसातून तीनदा डोळे मिचकावते, तेथे हे काम बॅटरीवरच करावे, आणि वादळाचा इशारा लागल्यावर तर मुळीच करू नये. चालू असलेल्या संचावर नवी आज्ञावली चढवण्याचा मोह शांत ऋतूसाठी राखून ठेवलेला बरा.

यावरचा एक उपाय परदेशातून आणावा लागत नाही, तो हैदराबादेतच आहे. तेथील अश्हर फरहान यांनी दोन दशकांपूर्वी ‘बिटएक्स’ हा घरी बांधता येईल असा स्वस्त संच आखला आणि त्याची मांडणी सर्वांना खुली केली. २०२२ मध्ये त्याच परंपरेतून आलेल्या ‘एसबिटएक्स’चा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. त्याची आज्ञावली खुली आहे, ती कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. सगळी प्रणाली मेमरी कार्डावर असल्याने जुने, पारखलेले कार्ड बाजूला काढून ठेवले, की नवी आवृत्ती बिघडली तरी दोन मिनिटांत पूर्वस्थिती येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. प्रत्येक संचाची वारंवारतेची आणि प्रक्षेपणशक्तीची स्वतःची मोजमापे एका लहान फाइलमध्ये असतात. ती आधी जपून न ठेवता नवी आवृत्ती चढवली, तर संच बोलतो खरा, पण किती वॅटवर, याचा भरवसा राहत नाही.

खुलेपणा म्हणजे निर्दोषपणा नव्हे. याच कुळातील ‘मायक्रोबिटएक्स’च्या आरंभीच्या आवृत्त्यांत नको त्या वारंवारतांवर प्रमाणाबाहेर गळती होत असल्याचे वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवले. दोष फलकावरील मांडणीचा होता. तो आज्ञावलीने सुटणारा नव्हता आणि पुढच्या आवृत्तीत फलकच बदलावा लागला. मांडणी झाकलेली असती, तर तो शोधायला किती वेळ लागला असता, हे सांगता येत नाही.

कायदा या साऱ्याकडे कसा पाहतो? हौशी सेवेचे नियम १९७८ चे. परीक्षेत रेडिओचे सिद्धांत आणि नियम विचारले जातात, दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन विभागाकडून परवाना मिळतो. आयात उपकरणांना त्याच विभागाची मान्यता लागते. म्हणजे माणूस एकदा तपासला जातो आणि खोकेही एकदा तपासले जाते. त्या खोक्यात दोन वर्षांनी कोणती आज्ञावली चालू आहे, हे या चौकटीत कुठेच बसत नाही.

ही फट बुजवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे कुलूप : कंपनीच्या सहीशिवाय कोणतीच आज्ञावली चालू द्यायची नाही. अमेरिकेत वाय-फाय राउटरबाबत हे घडले. हद्दीचे नियम कडक होताच काही उत्पादकांनी बाहेरच्या फर्मवेअरला दारच बंद केले. शेवटी २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत तेथील संचार आयोगाने दोन लाख डॉलर वसूल केले, शिवाय बाहेरचे फर्मवेअर चालू देण्याची हमीही घेतली. नियामकालाच आपल्या नियमाचा अतिरेक निस्तरावा लागला, तो असा. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची व्याख्याच स्वशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक प्रयोग अशी आहे. कुलूपबंद संचावर यातला पहिला आणि तिसरा हेतू उरत नाही. आणि प्रक्षेपक आपल्या हाती असण्याचे मोल गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानांतून चालवलेले मुक्तिलढ्याचे गुप्त केंद्र अजून लोकस्मृतीत आहे.

त्यापेक्षा जबाबदारी परवानाधारकावर ठेवणे शहाणपणाचे. परीक्षेत फर्मवेअरवर चार प्रश्न घालावेत, संचाच्या नोंदवहीत चालू आवृत्ती लिहिणे बंधनकारक करावे, विक्रेत्याने जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय दिलीच पाहिजे अशी अट घालावी. गळती झाली, हद्द ओलांडली, तर कारवाई परवान्यावर व्हावी. युरोपने सुमारे असाच मार्ग धरला आहे. तेथील रेडिओ उपकरणांच्या निर्देशातून हौशी चालकांनी स्वतः बांधलेले, जोडलेले आणि स्वतःसाठी बदललेले संच वगळले आहेत. बाजारातील तयार संचांचे प्रकरण वेगळे. युरोपचा सायबर लवचिकता कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल आणि डिजिटल उत्पादनांना सुरक्षेची अद्यतने पुरवणे उत्पादकांचे कर्तव्य ठरेल. जपानी कंपन्या युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा संच घडवतील, हा संभव कमी. त्या तारखेच्या सुमारास नवे संच वेगळ्या आज्ञावलीसह आपल्याकडे येऊ लागतील, तोवर १९७८ च्या नियमांची नवी आवृत्ती निघते का, एवढेच पाहायचे.