‘कच्चा माल स्थानिक पातळीवर उपलब्ध’ म्हणजे नेमका कुणाकडे?

गावात बचत गटाचा किंवा कुणा होतकरू पोराचा प्रक्रिया उद्योग सुरू व्हायचा असला, की आधी प्रकल्प अहवाल तयार होतो. तुम्ही सरपंच असाल, ग्रामपंचायत अधिकारी असाल (२०२४ पासून पदाचं नाव हे, लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच), तर असे अहवाल तुमच्या टेबलावरून गेले असतील. यंत्राची किंमत रुपया-पैशात लिहिलेली असते. शेडचं मोजमाप, विजेचा भार, कर्जाचा हप्ता, सगळं असतं. आणि कच्च्या मालाच्या रकान्यात एकच ओळ असते : ‘कच्चा माल स्थानिक पातळीवर मुबलक उपलब्ध.’

या एका ओळीपायी आमच्या देवबागेत काय झालं, ते सांगतो.

देवबाग बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. तारकर्लीवरून येणारा एकच रस्ता. जमीन सगळी पुळणीची. नारळ आणि मासळी सोडली तर लागेल ते त्या रस्त्याने येतं, नाहीतर होडीने खाडीपलीकडून. पर्यटक येऊ लागल्यापासून घरोघर राहण्या-जेवणाची सोय झाली, आणि सोलकढी आवडलेला पाहुणा जाताना आगळाची बाटली मागतोच. म्हणून आमच्या वाडीतल्या दहा बायकांनी आगळ आणि कोकम सरबत करायचं ठरवलं. आमच्या घरची मंडळी त्यात होती, त्यामुळे हिशोबाची वही माझ्याकडे आली. रातांब्याचं झाड म्हणाल तर आमच्या वाडीत नावालाही नाही. अहवालात मात्र ती ओळ होतीच. आणि अख्खा जिल्हा ‘स्थानिक पातळी’ धरला, तर ती खोटीही म्हणता येत नव्हती.

२०१९ च्या मे महिन्यात एका व्यापाऱ्याकडून माल मागवला. भाव इतरांपेक्षा किलोमागे चार रुपये कमी, गाडी दारात, निम्मे पैसे आगाऊ. रातांबे पाहायला कुणी गेलं नाही. गाडी आली ती संध्याकाळी. वरच्या थरातले रातांबे लालभडक, बघत राहावं असे. खालची गोणपाटं उघडली तर कुठे हिरवे-पिवळे, कुठे झाड झोडपून पाडलेले, फुटलेले, आणि तळाच्या मालाला आंबूस वास. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘माल निघाला तेव्हा चांगला होता.’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुरवठादार कसा आहे ते तो भाव सांगतो तेव्हा कळत नाही, माल खराब निघाल्यावर तो काय बोलतो त्यावरून कळतं. त्या रात्री दहाही बायका कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली निवडत बसल्या. एक जण म्हणाली, ‘बघूक कोण गेला? फोनार सांगितला नि गाडी इली!’ एवढ्या एका वाक्यात आमची सगळी चूक आली.

आता हिशोब बघा. सोयीसाठी गोल आकडे घेतो. समजा एकाचा भाव १८ रुपये, दुसऱ्याचा २२, आणि तुम्हाला हवेत ५०० किलो. पहिल्याचे झाले ९ हजार, दुसऱ्याचे ११ हजार. कुणीही पहिल्याकडेच जाईल. पण पहिल्याच्या मालातून १२० किलो फेकावे लागले, तर उरले ३८०. किलोला पडले जवळजवळ पावणेचोवीस रुपये. दुसऱ्याचे १५ किलो गेले, उरले ४८५. किलोला पडले पावणेतेवीसच्या आत. म्हणजे १८ रुपयेवाला महाग पडला. निवडायला दहा बायकांची रात्र गेली ती यात धरलेलीच नाही, कारण घरच्या बायकांची मजुरी आपण कधीच धरत नाही (तो स्वतंत्र लेखाचा विषय). शिवाय रातांब्यात साल असते फळाच्या निम्म्या वजनाची, आणि आपल्याला हवी ती सालच. कच्च्या फळाच्या सालीला ना रंग, ना रस. असा माल मिठात घातला, तरी आगळ फिकंच उतरतं, आणि फिकं आगळ घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही होडीने पलीकडे गेलो. भोगवे-परुळ्याच्या बाजूला एक बागायतदार भेटले. गेलो ते जानेवारीत. रातांबा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलतो, तेव्हा झाडाखाली उभं राहिलं की यंदा काय येणार याचा अंदाज बांधता येतो. मे महिन्यात फोनवर मिळतो तो फक्त भाव. काही गोष्टी विचारल्या. झाडं बियांपासूनची की कलमी? बियांच्या झाडांत निम्मी नर निघतात, त्यामुळे ‘माझी ५० झाडं आहेत’ म्हणणाऱ्याकडे फळाची किती, हे विचारावंच लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ लावली आहे का? ती लवकर तयार होते आणि पाऊस पडायच्या आत काढून होते. गावठी झाडांची उशिराची फळं पावसात सापडली की तुमचंही नुकसान, त्यांचंही. काढणी हाताने की काठीने? माल गोणपाटात की क्रेटमध्ये? त्यांनी उत्तरं दिली आणि उलट आम्हालाच विचारलं, ‘पैसे कधी देणार?’ प्रश्न रास्त होता.

एका वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या : पिकलेलं लाल फळ, हाताने काढलेलं, क्रेटमध्ये, सकाळी काढून त्याच दिवशी खाडीपार. वजन आमच्या काट्यावर त्यांच्या माणसासमोर. निवडीत बाद झालेला माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा, नंतरची तक्रार चालणार नाही. पैसे आठ दिवसांत. वकील नाही, स्टॅम्पपेपर नाही. आजवर भांडण झालेलं नाही असं म्हणत नाही, झालं आहे. पण प्रत्येक वेळी वही उघडली आणि मिटलं.

रातांब्यावर इतका वेळ घालवला, कारण उद्योग त्याच्यावर उभा. पण बाकीच्या वस्तूंचे पुरवठादारही तितकेच पारखावे लागतात. मीठ घ्या. आपला जिल्हा म्हणजे शिरोड्याच्या मिठागरांचा, १९३० च्या सत्याग्रहाचा. मिठाचं आपल्याला कौतुक असणारच. पण स्वस्त खडेमिठात माती-वाळू असली तर ती आगळाच्या तळाशी बसते, आणि बाटली उजेडात धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पहिली दिसते. मूठभर मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून बघा, मगच पोतं घ्या. पिंपांच्या बाबतीत तर हात जोडून सांगतो : निळी जुनी पिंपं निम्म्या किमतीत विकणारे गावोगाव फिरतात. त्यांत आधी काय भरलेलं होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आगळ आंबट आणि खारट. ते पिंपात महिनोन्महिने राहतं. खाद्यपदार्थांसाठीचं नवं पिंप घ्या, बिल घ्या. तयार माल विकत घेऊन पुढे विकत असाल, तर पुरवठादाराचा अन्न सुरक्षेचा १४ आकडी नंबरही लिहून ठेवा.

आणखी एक. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव लेबलावर लावायचं तर रीतसर वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि माल इथलाच असावा लागतो. व्यापारी तीन ठिकाणचा माल एकत्र करून देत असेल, तर तुम्ही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे काय सांगणार?

‘मग चांगला माणूस मिळाला की त्यालाच धरून राहावं का?’ असं तुम्ही विचाराल. राहावं, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर नको. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, ते ऐन रातांब्याच्या दिवसांत. झाडं आडवी, तारा तुटलेल्या, रस्ता बंद, वीज नाही. पलीकडच्या बागेतला निम्मा माल वाऱ्याने जमिनीवर. त्या वर्षी आम्हाला तारलं ते कुडाळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, कारण आधीच्या हंगामात त्याच्याकडून थोडा माल घेऊन ओळख ठेवली होती. चार आणे माल दुसऱ्याकडून घ्यायचा, भाव थोडा जास्त पडला तरी. पहिल्याला हे सांगूनच घ्यायचा. लपवलं तर तो दुखावतो, सांगितलं तर समजतो.

शेतकरी बांधवांनो, यात तुम्हीच पुरवठादार आहात. रातांबा पोत्यात कोंबून पहिल्या गाडीला देण्यापेक्षा दोन क्रेट निवडून जवळच्या गटाला दाखवा. भाव चढा मागा, पण माल तसा द्या. आणि गटांच्या बायकांनो, हॉटेलवाला, दुकानदार तुमची आगळाची बिलं थकवतो तेव्हा तुम्ही पुरवठादार असता. ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. वसुली करताना नाती जपावी लागतात, हेही खरंच. पण कायदा ठाऊक असलेल्याची बिलं जरा लवकर सुटतात, असा माझा तरी अनुभव आहे.

आता सरपंच आणि अधिकारी मंडळींना एक विनंती. यंत्रासाठी तुम्ही तीन कोटेशनं मागता. ती तिन्ही कधीकधी एकाच माणसाच्या टेबलावर तयार होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. ते राहू द्या. त्याऐवजी कच्च्या मालाच्या त्या एका ओळीखाली तीन नावं मागा : गाव, झाडं किती, गेल्या हंगामात माल कुणाला दिला. नावं नसतील तर अहवाल परत पाठवा. महिनाभर उशीर होईल, झाला तर होऊ द्या. बंद पडलेली पल्पर यंत्रं शेडमध्ये गंजताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी मालाअभावी गंजली.

आमच्यापुरतं म्हणाल तर पलीकडच्या बागायतदारांचा निरोप परवाच आला आहे. फळ देतो म्हणाले, पण क्रेट नीट धुऊन पाठवा. गेल्या खेपेच्या क्रेटना बांगड्याचा वास येत होता.