बुटाचा नंबर

आपल्या पिढीच्या बायोडेटात काय नसतं? पॅकेज असतं, फ्लॅट असतो, हॉबीज असतात. पण 'मुलीच्या बुटाचा नंबर' असा रकाना तुम्ही कुठे पाहिलाय? मलाही त्याचं महत्त्व मागच्या वर्षीच कळलं. तेही वर्ध्याच्या कोर्टात.

झालं असं, की माझा शाळेपासूनचा एक दोस्त. आम्ही दोघंही वर्ध्याचे, आता दोघंही पुण्यात. नवरा-बायकोचं बिनसलं आणि वहिनी मुलीला घेऊन वर्ध्याला माहेरी गेल्या. दोन वर्षं दोन्हीकडून नुसती धुसफूस. मुलीला सहावं लागलं आणि पठ्ठ्यानं ताब्याचा अर्ज टाकला. घटस्फोट नाही, फक्त ताबा. अर्ज पुण्यातच चालेल असं त्याला वाटलेलं. पण १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे असा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात चालतो. मग काय, तारखेच्या आदल्या रात्री आम्ही दोघं गाडीत.

"अबे, पाच वर्षांपर्यंत आई, पाच झाले की बाप. कायदाच आहे ना बे!" तो अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला. हातात फाइल. त्यात पगाराच्या स्लिपा, फ्लॅटचे कागद, सोसायटीतल्या स्विमिंग पूलचा फोटोसुद्धा!

सकाळी कोर्टाबाहेरच्या टपरीवर त्याच्या वकीलबाईंनी चहासोबत त्याची हवा काढली. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं असं म्हटलंय खरं. पण पाच पूर्ण झाली की आपोआप बापाकडे, असं कुठेच नाही. त्याच कायद्यात आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई नैसर्गिक पालक, असंही लिहिलंय. त्यावर गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९९ साली सांगितलं, की 'नंतर' म्हणजे बाप गेल्यावरच असं नाही. तो हयात असून मुलाचं काही बघत नसेल, तेव्हाही आईच पालक. आणि या सगळ्याच्या वर एकच कसोटी: मुलाचं हित. आईचा हक्क नाही, बापाचा हक्क नाही. मुलाचं भलं कशात आहे, तेवढंच.

कोर्टानं दोघांना समुपदेशनाला पाठवलं. बाहेर आला तेव्हा दोस्ताचा चेहरा उतरलेला. समुपदेशक बाईंनी पगार विचारलाच नव्हता. विचारलं काय, तर मुलीच्या वर्गशिक्षिका कोण? तिला कशाची अ‍ॅलर्जी आहे? रात्री ती कोणाजवळ झोपते? बुटाचा नंबर किती?

"एकाचंही उत्तर नव्हतं बे माझ्याकडे," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

वहिनींनाही सोपे प्रश्न आले नाहीत. बाबाचा फोन आला की तो मुलीला का देत नाही? तिच्यासमोर त्याच्याबद्दल काय बोलता? त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. मुलीशी बाई वेगळ्या बोलल्या. पोरीनं कुणाचीच तक्रार केली नाही. तिला एवढंच हवं होतं, की बाबा येणार असेल तर आदल्या दिवशी तिला सांगावं.

पुढच्या काही तारखांत दोघांच्या संमतीनं कागद झाला. ताबा आईकडे. महिन्यातले दोन वीकएण्ड बाबानं वर्ध्याला यायचं. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, त्याच्या वाट्याची पुण्यात. रोज संध्याकाळी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. हा कॉल म्हणजे काही मेहेरबानी नाही बरं का! २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, की ताबा ज्याला मिळाला नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं.

दोस्त आधी खट्टू होता. "म्हणजे मी हरलो ना?" वकीलबाई हसल्या. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, म्हणाल्या. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, मग कोर्टाकडे बदल मागता येतो. समज आली की मुलाचं मतही कोर्ट विचारात घेऊ शकतं.

परवा तो वर्ध्याला निघाला होता. पाठीवर सॅक, हातात बुटांचा खोका. मी सहज विचारलं, "नंबर?"

"मागच्या वेळी बारा होता. आता तेरा," तो झटकन म्हणाला. "आणि कालच सांगून ठेवलंय तिला, उद्या येतोय म्हणून."

रविवारी रात्री परतला तो गोरसपाकचा पुडा घेऊन. लेकीनं दिला म्हणे, बाबाला गाडीत खायला.

तर दोस्तहो, तुमचं घर सुखात असेल तर छानच! पण आज घरी गेल्यावर मुलाच्या बुटाचा नंबर तेवढा बघून ठेवा. त्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढायला हवी?