तपासनिसाचा अधिकार आणि नागरिकाची दाद

जळगावला विमान उतरू लागल्यापासून भडगावच्या गृहस्थासही सामानाची तपासणी ठाऊक झाली आहे. तीविषयी त्याने कुरकुर करू नये. १९८५ च्या जूनमध्ये 'कनिष्क' विमानात बॉम्ब फुटून ३२९ माणसे गेली. तेव्हा कुठे १९८७ साली नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे स्वतंत्र खाते झाले. बॅग उघडणारा शिपाई निराळा. ब्यूरोचा अधिकारी त्या शिपायाचे, विमानतळाचे आणि विमान कंपनीचेही काम तपासतो. २०२० च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून १ कोटीवर नेली. हा धाक हवाच, असे आम्हीही म्हणतो.

आमचा आक्षेप पुढे आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने अपिलाची एक पायरी वाढवली खरी; परंतु दंड ठरवणारा अधिकारी सरकारचा आणि अपिले ऐकणारेही सरकारनेच नेमलेले. ब्यूरोच्या हुकुमावर दाद मागावयाची तीही केंद्र सरकारकडे, आणि त्याचा निर्णय अखेरचा. प्रश्नपत्रिका काढणारा, तपासणारा व फेरतपासणी करणारा मास्तर एकच! उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. पण लहान शहरांना जोडणाऱ्या लहान कंपनीस ती वाट परवडावी कशी? मोठ्या विमानतळांच्या शुल्काच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. दंडावरील दुसरे अपील त्याच्याकडेच सोपवावे आणि त्यासाठी दिल्लीने दुरुस्ती विधेयक आणावे, अशी आमची मागणी आहे.