देशगीत, मुलाचा आवाज आणि शास्त्रीय गायनाची कसोटी

ऑगस्ट आणि जानेवारी हे आपणा संगीतशिक्षकांचे धावपळीचे महिने. शाळाशाळांतून देशभक्तिगीते बसवली जातात, आंतरशालेय स्पर्धा होतात आणि दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलाचा आवाज सभागृह भारून टाकतो. मग वाद ठरलेला. गाणे रागात बांधलेले आहे, मुलगा सुरेल गातो आहे, तर त्याला शास्त्रीय गायन विभागात घ्यायचे की नाही? शिक्षक आग्रह धरतात, परीक्षक अडून बसतात, पालक नाराज होतात. नियमावलीवर बोट ठेवून हा वाद मिटवता येईल. पण त्या मुलाला पुढची काही वर्षे आपण काय शिकवणार हे याच्याच उत्तरावर ठरते. म्हणून आमची भूमिका येथे स्पष्टपणे मांडत आहोत.

विषय देशभक्तीचा आहे एवढ्यावरून गाणे शास्त्रीय नव्हे असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ साली काकिनाड्याला अध्यक्षांनी हरकत घेतली तरी त्यांनी ते पूर्ण गायले. त्यांचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी सकाळी तेच गीत आकाशवाणीवरून गायले. मास्टर कृष्णरावांनी ते झिंझोटीत बांधले आणि राष्ट्रगीत म्हणून त्याचा स्वीकार व्हावा यासाठी जिवाचे रान केले. ही सारी मंडळी रागदारीत मुरलेली. शब्द देशाचे होते आणि गाणे रागाचे होते. त्यात कुणालाच विसंगती वाटली नाही.

मात्र चाल रागात आहे एवढ्यावरून गाणे शास्त्रीय ठरते, हा दुसरा समजही तितकाच चुकीचा आहे. आपल्या सुगम संगीतातल्या, नाट्यसंगीतातल्या, चित्रपटांतल्या असंख्य चाली रागांवरच उभ्या आहेत. शास्त्रीय गायनात बंदिश ही सुरुवात असते. तिच्या आधाराने गायक राग कसा उलगडतो, लय कशी सांभाळतो आणि समेवर कसा येतो, ते खरे गायन. देसमधले एखादे देशगीत घ्या. मुलगा ते बिनचूक गातो. आता ट्रॅक बंद करा, तानपुरा लावा आणि ध्रुवपद धरून चार आवर्तने आलाप करायला सांगा. आरोहात गंधार-धैवत टाळून तो शुद्ध निषादावरून वरच्या षड्जाला जातो का? उतरताना कोमल निषाद आपोआप येतो का? रिषभावर थांबण्याची जागा त्याला दिसते का? हे जमले तर तो मुलगा देस गातो आहे. नाही जमले तर तो देसमध्ये बांधलेले गाणे गातो आहे. दोन्हींना टाळी मिळावी, पण गुणपत्रिका एक असू नये.

इंग्लंडमध्ये हा हिशेब वेगळा आहे. ह्युबर्ट पॅरी यांची १९१६ मधली ‘जेरुसलेम’ या देशगीताची चाल कॅथीड्रलच्या गायकवृंदातला मुलगा एकट्याने गातो, तेव्हा तिला अभिजात परंपरेतली रचना म्हणून स्थान असते. तिथे रचनाकाराने गीत स्वरलिपीत लिहून ठेवलेले असते आणि ते लिहिल्याबरहुकूम, तयार केलेल्या आवाजात सादर करणे हे गायकाचे काम. आपल्याकडे अर्धी रचना गायकाने मंचावर करायची असते. म्हणून तिकडचा निकष इकडे लावता येत नाही.

आता मुलाच्या आवाजाविषयी. काळी चार-पाचमध्ये निर्मळ लागणारा तो सूर ऐकणाऱ्याला हलवून सोडतो, आणि तिथेच आपली गफलत होते. तो गोडवा वयाचा असतो. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी आवाज फुटतो, जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो, आणि टाळ्यांच्या आधारावर उभा केलेला बालगायक एकाएकी रिकाम्या हाताने उभा राहतो. त्या वेळी उपयोगी पडते ती तालीम. मास्टर कृष्णराव लहानपणीच नाटक मंडळीत गाऊन नावारूपाला आले, पण त्यांना घडवले ते भास्करबुवा बखल्यांच्या तालमीने. कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब उतरवत, श्रोते थक्क होत. तरीही त्यांना मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवण्यात आले. असामान्य मुलांनाही जे चुकले नाही, ते आपल्या विद्यार्थ्यांना चुकवू देऊ नये.

म्हणून आमचे सांगणे असे. स्पर्धेच्या आयोजकांनी देशभक्तिगीतांचा विभाग स्वतंत्र आणि मानाचा ठेवावा. त्यात उच्चार, भाव आणि सूर यांना गुण द्यावेत. शास्त्रीय विभागात देशगीत गायचे असेल तर त्याच रागात आलाप आणि आवर्तनाशी बांधलेला विस्तार अनिवार्य करावा. पाठ करून घेतलेल्या चार ताना म्हणजे विस्तार नव्हे. परीक्षकांनी गाण्याच्या आशयाला भारावून जाऊन शास्त्रीयतेचे गुण देऊ नयेत, आणि आशय पाहून ते कापूही नयेत.

शिक्षकांना अधिक कळकळीने सांगायचे आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेची पट्टी मुलावर लादू नका. त्याच्या आवाजाला सोसेल ती पट्टी धरा. आवाज घोगरा होऊ लागला, तार षड्ज निसटू लागला, तर कार्यक्रम थांबवा आणि मंद्र-मध्य सप्तकात हलका रियाज चालू ठेवा. पालकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलाला तो आपला पराभव वाटणार नाही. त्याला ‘शास्त्रीय गायक’ हे बिरूद लवकर चिकटवू नका. ते एकदा मिळाले की सरगम, अलंकार, लक्षणगीत हे सारे त्याला मागे पडलेले वाटू लागते.

देशगीताने मूल गाण्याकडे ओढले जाते. हे दार आपल्याला दरवर्षी दोनदा उघडे मिळते, त्याचा उपयोग करा. यंदाच्या स्पर्धेसाठी जे गीत निवडाल त्याच रागातला छोटा ख्याल त्याच आठवड्यात सुरू करा, आणि बक्षीस मिळो न मिळो, तो पुढे चालू ठेवा.