महाग बूट, तेच गुडघे

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की पन्नाशीकडे झुकलेले, नुकतेच पळू लागलेले पुरुषही कार्बन प्लेटचे, वीस हजारांच्या घरातले बूट मागू लागतात. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगेने तसे बूट घालून मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत कापले होते. पण त्या बुटांचा लाभ वेगाचा. गुडघे वाचवण्याचा नव्हे.

दुकानात तळव्याची कमान पाहून बूट सुचवतात, तेही शास्त्रीय वाटते. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दलातील नव्या जवानांवर हे करून पाहिले गेले. कमानीनुसार बूट दिलेल्यांच्या आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांच्या दुखापतींत फारसा फरक पडला नाही.

तेव्हा संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, पळतानाचेच मोजे घालून दुकानात चार पावले पळून पाहावे. पुढे अंगठाभर जागा हवी. ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचे आश्वासन ऐकू नये. मधुमेहींच्या बाबतीत मात्र ही कसोटी फसते. संवेदना कमी झालेल्या पायाला बूट चावतोय हेच कळत नाही, आणि फोड दिसेपर्यंत जखम चिघळलेली असते. त्यांनी बुटाआधी पाय तपासून घ्यावेत.