आपल्याच नावाचं भाडं

माझा आतेभाऊ देवगडचा. हापूसची कलमं आहेत. आत्याच्या घरचा आंबा वर्षानुवर्षं वाशीला जायचा. पेटी एकदा ट्रकात चढली की तिचं पुढे काय झालं, ते दलालाची पट्टी हातात पडेल तेव्हा कळायचं. भाव तो सांगेल तो, अडत तो कापेल ती. दादाला याचा भयंकर कंटाळा आला होता. म्हणून आम्ही त्याची वेबसाईट काढली. आम्ही म्हणजे, मी पुण्यात बसून सल्ले द्यायचे आणि त्याने आंबे पिकवायचे, अशी कामाची वाटणी! थेट गिऱ्हाईक, थेट पेटी, मधे कोणी नाही. निदान आम्हाला तसं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी तो पुण्याला आला, तेव्हा त्याच्या पिशवीतून आंब्यांबरोबर काही कागद निघाले. त्याच्या जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीचा रिपोर्ट. रंगीत आलेख, वर चढणारे बाण, जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली त्याचा ठळक आकडा. सगळं झकास. फक्त दादाच्या हातात उरलेले पैसे त्या बाणांबरोबर वर चढले नव्हते.

म्हणून खातं उघडून बघितलं. निम्म्याहून जास्त खर्च झाला होता तो दादाच्या बागेच्या नावावर! म्हणजे ज्यांनी आधी आंबा खाल्ला, नाव लक्षात ठेवलं आणि ते गूगलवर टाईप केलं, त्यांना सगळ्यात वर दिसली आमची जाहिरात, आणि तिच्या लगेच खाली, फुकटात, आमचीच साईट. माणूस वरच्यावर टिचकी मारणार, हे उघड आहे. पैसे पडले.

चिडला की दादा मालवणीवर येतो. म्हणाला, "म्हणजे माझ्याच नावाक मीच पैशे दितंय?"

एजन्सीला विचारलं तर उत्तर तयार होतं. दोन्ही जागी दिसलं की विश्वास बसतो, जाहिरात दिली की खालचा नंबरही टिकतो, वगैरे. यातलं दुसरं साफ चूक आहे. जाहिरातीची जागा लिलावात ठरते. तुम्ही किती बोली लावलीत आणि जाहिरात शोधाशी किती जुळते, यावर. खालचे निकाल वेगळ्या हिशोबाने लागतात, आणि जाहिरातीला पैसे दिल्याने तो नंबर वर जात नाही, असं खुद्द गूगल सांगतं. ही दोन दुकानं शेजारी आहेत, पण मधे दार नाही.

पहिल्या उत्तरात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून मी जरा वाचत बसलो. गूगलच्याच संशोधकांनी 2011 मध्ये चारशेहून जास्त अभ्यास करून सांगितलं होतं की जाहिरात बंद केली तर तिच्यावरच्या सरासरी 89 टक्के टिचक्या फुकटच्या निकालांतून भरून निघत नाहीत. हा आकडा अजूनही विक्रीच्या गप्पांत ऐकू येतो. पण पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 81 टक्के वेळा जाहिरात दिसते तेव्हा त्या जाहिरातदाराचा फुकटचा निकाल पहिल्या पानावर नसतोच! मग भरून निघणार कुठून? आणि जिथे तो निकाल पहिल्या नंबरवर असतो, तिथे निम्म्याच टिचक्या जास्तीच्या असतात.

दुसरीकडे ईबेने 2012 मध्ये स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून बघितल्या. 99.5 टक्के लोक फुकटच्या निकालावरून तसेच आले. हा अभ्यास 2015 मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात छापून आला. त्यातली मला जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा नेहमीच्या गिऱ्हाईकांवर काही परिणाम दिसला नाही, पण नव्या आणि क्वचित येणाऱ्यांवर दिसला.

आता ईबे कुठे आणि दादा कुठे! पण प्रश्न तोच. जाहिरातीवर टिचकी मारून किती आले, हे रिपोर्ट सांगतो. जाहिरात नसती तर त्यातले किती आले नसते, हे सांगत नाही. माझ्या मते खरा हिशोब फक्त त्या दुसऱ्या आकड्याचा आहे.

म्हणून पुढच्या सीझनला आम्ही एक साधा प्रयोग केला. एप्रिलमध्ये दोन आठवडे पुण्यापुरत्या नावावरच्या जाहिराती बंद ठेवल्या, मुंबईत चालू. पुण्याच्या जुन्या मंडळींच्या ऑर्डरी येत होत्या तशाच येत राहिल्या. आमचा पसारा एवढासा, त्याला कोणी शास्त्रीय पुरावा म्हणणार नाही. पण दादाला तेवढं पुरलं.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. दुसरा कोणी तुमच्या नावावर बोली लावत असेल तर गोष्ट बदलते. तुमचं नाव शोधणाऱ्याला आधी त्याचं दुकान दिसतं. आपल्याकडे कायद्याने यावर सरसकट बंदी नाही. गिऱ्हाईकाची फसगत होत नसेल तर दुसऱ्याचा ट्रेडमार्क शोधशब्द म्हणून वापरणं हे आपोआप उल्लंघन ठरत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. अशा वेळी आपल्या नावावरचा खर्च हा राखणदाराचा पगार समजावा. चोर फिरतोय का ते बघावं आणि तेवढ्यापुरता राखणदार ठेवावा.

मग वाचलेल्या पैशांचं काय केलं? ते आम्ही अनोळखी माणसांवर लावले. जे फक्त 'देवगड हापूस पुणे घरपोच' असं शोधतात आणि ज्यांना आम्ही एरवी चौथ्या पानावरही सापडलो नसतो. शिवाय जाहिरातीच्या खात्यात लोकांनी काय शब्द टाईप केले ते दिसतं. त्यात 'आंबा पिकवायचा कसा', 'आढी कशी लावायची', 'खरा देवगड कसा ओळखायचा' असं कितीतरी सापडलं. दादाने त्यातल्या एकेकाचं उत्तर साईटवर लिहिलं, अगदी तो बोलतो तसं. ती पानं वर यायला काही महिने गेले. पण आता त्यातल्या दोन प्रश्नांना लोक आपणहून आमच्याकडे येतात, आणि त्या शब्दांवरची जाहिरात आम्ही बंद केली आहे.

मला विचाराल तर दोन्हींची सांगड याहून वेगळी नाही. जाहिरात म्हणजे टँकरचं पाणी. नवं कलम जगवायला ते लागतंच, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण मूळ खाली गेल्यावरही कोणी टँकर घालत राहिला, तर फायदा फक्त टँकरवाल्याचा. आणि टँकर कधी थांबवायचा, हे टँकरवाल्याला विचारायचं नसतं. आमची एजन्सी खर्चाच्या टक्क्यांवर पैसे घेत होती. ती कशाला सांगेल?

वाशीच्या दलालावर दादाचा आता पूर्वीइतका राग नाही. परवा म्हणाला, "अनोळखी गिऱ्हाईक आणत होता रे तो, त्याची अडत बरोबरच होती. पण घरी चालत आलेल्या पाहुण्यावर कोणी अडत देतं का?"

असो. हल्ली तो प्रत्येक पेटीत गवतावर एक चिठ्ठी ठेवतो. त्यावर बागेचं नाव, साईटचा पत्ता आणि फोन नंबर, त्याच्याच अक्षरात. अक्षर वाईट आहे, पण फोन येतात.