एक डिश, दोन बँड : माप कोणत्या लहरीचे?

सी आणि केयू हे दोन्ही बँड एकाच डिशवर हवेत, अशी गिऱ्हाइकाची मागणी असेल तर ती रास्तच आहे. जागा वाचते, लोखंड व मजुरीही वाचते. परंतु सी बँडसाठी बनविलेली डिश पुढे करून "सर्व बँड चालतील" असे सांगणे आम्हास मान्य नाही.

हिशेब पाहावा. उपग्रहाकडून येणारी ४ गिगाहर्ट्झची सी बँड लहर साडेसात सेंटिमीटर लांब असते, तर १२ गिगाहर्ट्झची केयू लहर अडीच सेंटिमीटर. डिशच्या गोलाईत सरासरी २ मिलिमीटरची चूक राहिली, तर सी बँडवर सुमारे १० टक्के शक्ती वाया जाते. त्याच चुकीने केयू बँडवर सुमारे ६४ टक्के जाते. म्हणून माप सर्वांत आखूड लहरीचे धरले पाहिजे.

जाळीचेही तसेच आहे. पुणे जिल्ह्यात खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिशना तारेची जाळी चालते, कारण तेथील सर्वांत आखूड लहरही सुमारे २० सेंटिमीटरची आहे. केयू बँडला मात्र जाळीचे भोक अडीच मिलिमीटरहून मोठे नको. त्यापेक्षा अखंड पत्रा बरा.

दुसरा प्रश्न फीडचा. डिशचा केंद्रबिंदू एकच. दोन फीड शेजारी बसविले, तर बाजूचा फीड आकाशातील दुसरीकडे पाहतो. एकाच उपग्रहाचे दोन्ही बँड हवे असतील, तर एकात एक बसणारा दुहेरी फीडच घ्यावा लागतो.

स्टँडकडेही दुर्लक्ष नको. २.४ मीटरच्या डिशचा झोत सी बँडवर सव्वादोन अंश रुंद असतो, केयूवर जेमतेम पाऊण अंश. वाऱ्याने डिश किंचित हलली तरी सी बँड चालू राहील, केयू बंद पडेल.

आमच्या कारागीर बांधवांच्या हातात हुनर आहे. त्याला मोजमापाची जोड हवी. एक अचूक फर्मा करून घ्यावा आणि प्रत्येक डिश त्याने चारी बाजूंनी तपासावी. व्यापाऱ्यांनी डिश कोणत्या बँडसाठी तपासली आहे ते बिलावर लिहून द्यावे. फर्म्याचा खर्च एकदाच येतो. परत आलेल्या मालाचा तोटा मात्र दर वेळी सोसावा लागतो.